मीटर संगणकाला जोडायचा तर आधी त्याची ओळख विचारा

वेर्ण्याच्या कारखान्यात कुणी दर अर्ध्या तासाने टेबलावरचा मीटर (व्होल्टेज, करंट मोजणारा मल्टिमीटर) पाहून वहीत आकडे उतरवत असेल, किंवा फर्मागुडीला शिकणाऱ्या मुलांना प्रोजेक्टसाठी बॅटरीचा व्होल्टेज रात्रभर नोंदवायचा असेल, तर ते काम संगणकावर सोपवावे. त्यासाठी नवा मीटर लागतोच असे नाही.

आधी मीटरची मागची बाजू पाहा. तिथे यूएसबी, लॅन, ९ पिनांचे आरएस-२३२ किंवा २४ पिनांचे रुंद जीपीआयबी (मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडायचा जुना पोर्ट) यांपैकी काहीतरी बहुधा सापडेल. जे असेल ते वापरा. सेकंदाला एक रीडिंग घ्यायला यातले काहीही पुरते, तेव्हा वेगाचे तक्ते बघत बसू नका.

यूएसबी आणि लॅन सोपे आहेत. संगणकावर व्हिसा लायब्ररी (उपकरणांशी बोलणारे सॉफ्टवेअर) आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतून ती वापरू देणारे पायव्हिसा बसवा, केबल लावा, जोडलेल्या उपकरणांची यादी मागवा. यूएसबीवाला मीटर यादीत आपोआप दिसतो. लॅनवाल्याचा आयपी पत्ता बहुधा हाताने द्यावा लागतो.

खरी डोकेदुखी जुन्या मीटरांची. जीपीआयबीचा आयईईई ४८८ हा मानक १९७५ साली आला. मीटरवर 'एचपी-आयबी' छापलेले असेल तर तेही हेच. एका बसवर, म्हणजे समाईक तारांच्या जोडणीवर, संगणक धरून १५ उपकरणे चालतात, केबल सगळी मिळून २० मीटरपर्यंत. प्रत्येकाला ० ते ३० मधला वेगळा पत्ता द्या. कनेक्टरचे स्क्रू मात्र बघून आवळा: काळे मेट्रिक आट्यांचे, चंदेरी इंची आट्यांचे. जबरदस्ती केली की आटे गेलेच. संगणकाच्या बाजूला लागणारा यूएसबी अडॅप्टर कधीकधी जुन्या मीटरपेक्षा महाग पडतो. म्हणून मीटरला आरएस-२३२ही असेल तर माझे मत तिकडेच.

उदाहरणार्थ, एचपीचा ३४४०१ए हा मल्टिमीटर. त्यावर दोन्ही आहेत, पण फॅक्टरी सेटिंग जीपीआयबी, पत्ता २२. पुढच्या बटणांवरून आय-ओ मेन्यूत जाऊन आरएस-२३२ निवडा. वेग ९६००, सम पॅरिटी, ७ डेटा बिट, २ स्टॉप बिट. संगणकावरही हेच हवे. केबल क्रॉसची लागते, आणि नुसत्या २ व ३ नंबरच्या पिना उलटवून भागत नाही, ४ आणि ६ही उलटवाव्या लागतात. इथेच बहुतेक लोक अडकतात आणि प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

आता प्रोग्राम लिहायच्या आधी एकच प्रश्न पाठवा: तारांकन, त्याला चिकटून आय-डी-एन, मग प्रश्नचिन्ह आणि शेवटी लाइन फीड (ओळ संपल्याची खूण). मीटर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि फर्मवेअर स्वल्पविराम देऊन सांगतो. ३४४०१ए सिरियल नंबरच्या जागी ० देतो, तो बिघाड समजू नका. उत्तर आले नाही तर पत्ता, केबल आणि लाइन फीड, याच क्रमाने तपासा.

ओळख पटली की आरएस-२३२वर आधी मीटरचा ताबा संगणकाकडे देणारी 'सिस्टम रिमोट' ही आज्ञा द्या, मग मोजमाप मागा. मीटरने बीप दिली तर 'सिस्टम एरर' विचारा. -११३ म्हणजे आज्ञेचे स्पेलिंग चुकले. -४१० म्हणजे आधीचे उत्तर वाचून न घेताच तुम्ही पुढचे काही पाठवलेत.

ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) जोडताना जपून. प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगलाच जोडलेली असते, आणि यूएसबी लावली की संगणकही त्याच वाटेवर येतो. मेनच्या सर्किटवर ती क्लिप चुकूनही लावू नका. लॅनच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो, तो दोन्हींकडची वीज वेगळी ठेवतो, त्यामुळे शिल्ड (धातूचे आवरण) नसलेली साधी केबल वापरून लॅननेच जोडणे बरे.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत पिनांवर हिरवट थर धरतो. पावसाळ्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पुसा आणि गडगडाट सुरू झाला की केबली उपसा. प्रत्येक रीडिंग आले की लगेच वेळेसह फाइलमध्ये लिहून फाइल बंद करा. मध्यरात्री वीज गेली, तरी तोवरचे आकडे हातात राहतात.