बर्फ, मीठ आणि काचेची पेटी: सागरी प्रवाह घरी कसे दाखवावेत

पुण्याहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पण समुद्राचे पाणी खोल का बुडते आणि उष्णता इकडून तिकडे कशी जाते, हे ओट्यावरसुद्धा नीट दाखवता येते.

आदल्या रात्री पाण्यात खाण्याचा निळा रंग गडद मिसळून त्याचा बर्फ लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन उंच ग्लासांत खोलीच्या तापमानाचे पाणी घ्यावे आणि त्यांपैकी एकात लिटरमागे 35 ग्रॅम मीठ विरघळवावे, कारण समुद्राची सरासरी क्षारता साधारण तेवढीच असते. खडेमीठ वापरल्यास पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. पाणी पूर्ण स्थिर झाल्यावरच दोन्हींत बर्फाचा एकेक खडा अलगद सोडावा. घाई केली की रंग नुसताच पसरतो आणि दाखवण्यासारखे काही उरत नाही.

खडे टाकण्याआधी कोणता आधी वितळेल, हे मुलांना विचारावे. बहुतेक जण मिठाच्या पाण्यातला म्हणतात. वितळतो मात्र गोड्या पाण्यातला. तिथे वितळलेले थंड पाणी भोवतालच्या पाण्याहून जड असल्याने निळ्या रेघांनी तळाशी जाते आणि त्याच्या जागी कोमट पाणी बर्फाकडे येत राहते. खाऱ्या पाण्यात तेच वितळलेले पाणी थंड असूनही हलके ठरते, वरच तरंगते आणि बर्फाभोवती गार थर धरून बसते. पाण्याची घनता तापमान आणि मीठ हे दोन्ही मिळून ठरवतात, हे इथे डोळ्यांना दिसते. उत्तर अटलांटिकमध्ये, विशेषतः ग्रीनलंडच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत, दक्षिणेकडून आलेले खारट पाणी हिवाळ्यात आपली उष्णता हवेला देऊन जड होते, बुडते आणि खोलातून दक्षिणेकडे परतते. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडे पाणी तिथे वाढले तर हे बुडणे मंदावेल, ही शास्त्रज्ञांची काळजी खाऱ्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहून सहज पटते. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे बंगालचा उपसागर: गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावतीचे गोडे पाणी वर पसरल्याने तिथे वरचे आणि खालचे थर सहज मिसळत नाहीत.

पूर्ण फेरा पाहायचा असेल तर मासे ठेवण्याची लांबट काचेची पेटी साध्या पाण्याने भरावी, एका टोकाला बर्फाची बंद पिशवी लटकवावी आणि तिच्याजवळ निळ्या रंगाचा एक थेंब सोडावा. रंग खाली उतरून तळालगत दुसऱ्या टोकाकडे सरकतो. त्या टोकाला पृष्ठभागावर लाल थेंब सोडल्यास तो हळूहळू बर्फाकडे येतो.

या पेटीत वारा नाही, आणि पृष्ठभागावरचे मोठे प्रवाह मुख्यतः वाराच ढकलतो. म्हणून शेवटी पिशवी काढून, पाणी स्थिर होऊ द्यावे आणि एका बाजूने पंख्याचा मंद झोत सोडावा: वरचे पाणी झोताबरोबर जाते, खालचे उलट परतते. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा दिशा बदलतो, तो याच ढकलण्यामुळे. पृथ्वीच्या फिरण्याने प्रवाहांना मिळणारे वळण मात्र स्थिर पेटीत दिसणार नाही. त्यासाठी गोल भांडे संथ फिरत्या तबकडीवर ठेवावे लागते.