बाहेर बास्केटबॉल खेळायला निघालेल्या नागपूरच्या पोट्ट्या-पोरींसाठी

तिकडे नवतपा सुरू झाला की इकडे माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. "दादा, जर्मनीतल्या क्लबची ऑफर आहे. एजंट म्हणतो व्हिसाचं तो पाहून घेईल." कोणी धरमपेठचा असतो, कोणी शिवाजीनगरचा, कोणी मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करणारी. प्रश्न सगळ्यांचा सारखाच, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी इथं जर्मनीत बास्केटबॉल लीगच्या खालच्या विभागांत वेगवेगळ्या क्लबांकडून खेळलो आणि आता एका क्लबात सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. एनबीएचं स्वप्न असेल तर मी तुमच्या काही कामाचा नाही.

आधी उंचीचं बोलू. नागपुरात सहा फूट तीन इंचाच्या पोराला आठवीपासून बास्केटखाली उभा करतात आणि तो तिथंच मोठा होतो. इथं तेवढ्या उंचीचा माणूस गार्ड असतो, म्हणजे बाहेरून चेंडू चालवणारा. बास्केटखाली खेळणाऱ्या सेंटरला दोन मीटर पाच सेंटिमीटरच्या वर उंची पाहिजे. म्हणजे तुम्ही आयुष्यभर जी जागा खेळलात ती इथं तुम्हाला मिळणार नाही, आणि जी मिळेल ती तुम्हाला येत नाही. येण्याआधी निदान एक वर्ष दोन्ही हातांनी चेंडू सांभाळायला आणि ६.७५ मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, शूटिंगला द्या. पोस्टमधल्या, म्हणजे बास्केटजवळच्या, चाली विसरलात तरी चालेल.

दुसरं, तुम्ही इथं 'इम्पोर्ट' आहात, म्हणजे बाहेरून आणलेला परदेशी खेळाडू. बुंडेसलीगामध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बास्केटबॉल लीगमध्ये, बारा जणांच्या संघात जास्तीत जास्त सहा परदेशी चालतात. खालच्या विभागांत ठराविक जर्मन खेळाडू सतत मैदानावर असावे लागतात. उरलेल्या जागांसाठी तुमच्याशी स्पर्धा करतो तो अमेरिकेत चार वर्षं कॉलेज बास्केटबॉल खेळून आलेला पोरगा. सलग तीन सामने हरले की आधी घरी जातो तो इम्पोर्टच. कोचचा राग मनावर घेऊ नका, त्याचीही नोकरी तशीच असते. आपल्याकडून कोणी बाहेर खेळलंच नाही असं नाही. गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवुडकडून खेळली, २०१७ मध्ये अमृतपाल सिंगला सिडनी किंग्जनं आणि विशेष भृगुवंशीला अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्सनं घेतलं. पण हे देशातले सगळ्यात वरचे खेळाडू, हे ध्यानात असू द्या.

आता व्हिसा. इथं सगळे फसतात, म्हणून नीट वाचा. जर्मनीत व्यावसायिक खेळाडू म्हणून परवाना हवा असेल तर क्लबनं द्यायचा पगार एका सरकारी मर्यादेच्या निम्मा तरी असावा लागतो. पेन्शन विम्याचा हप्ता जास्तीत जास्त जितक्या पगारावर कापतात, ती ही मर्यादा. २०२५ मध्ये ती मर्यादा महिन्याला ८,०५० युरो होती, म्हणजे पगार कर कापण्याआधी किमान ४,०२५ युरो. शिवाय खेळाच्या महासंघानं तुमच्या दर्जाची खात्री द्यावी लागते. चौथ्या विभागातला क्लब काय देतो? काहीशे युरो, एक खोली आणि जमलं तर जुनी सायकल. मग अशा क्लबच्या नावावर एजंट कोणता व्हिसा 'पाहून घेणार' आहे? तो म्हणेल, टुरिस्ट व्हिसावर ये, इथं आल्यावर बदलून घेऊ. बावा, बदलून मिळत नाही. १८० दिवसांतले ९० दिवस संपले की परत, आणि त्या व्हिसावर क्लबकडून पगार घेऊन खेळताना सापडलात तर पुढची दारंही बंद.

खालच्या विभागात खेळायचंच असेल तर सरळ मार्ग शिक्षणाचा. विद्यापीठात प्रवेश घ्या, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं बँक खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवा, आणि संध्याकाळी क्लबात खेळा. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा असते. मी याच मार्गानं आलो. यात काही कमीपणा नाही, आणि गुडघा गेला तर हातात पदवी असते.

एजंट फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, परवानाधारकांच्या यादीत आहे का ते स्वतः तपासा. खेळाडूकडून घ्यायचं कमिशन जास्तीत जास्त १० टक्के, तेही करार झाल्यावर. आधी 'फाइल चार्ज' मागणाऱ्याला नंबर ब्लॉक करून मोकळे व्हा.

करार हातात आला की पगाराचा आकडा नंतर बघा, आधी बॅटचं कलम शोधा. बॅट म्हणजे बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल, फिबानं २००७ मध्ये सुरू केलेला लवाद, त्याचं कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. कामकाज इंग्रजीत चालतं, आणि क्लबनं निकाल पाळला नाही तर फिबा त्याला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. हे कलम नसेल तर तुम्ही त्या देशाच्या कोर्टात, त्या देशाच्या भाषेत भांडत बसाल.

आणि आता जे सांगतो ते भिंतीवर लिहून ठेवा. पगार थकला म्हणून रागानं बॅग भरून नागपूरला यायचं नाही. आपल्याकडचाच एक पोट्टा दुसऱ्या एका देशात खेळत होता. दोन महिने पैसे नाहीत, फ्लॅटचं हीटिंग बंद. नाताळच्या सुट्टीत घरी आला आणि परत गेलाच नाही. चूक क्लबची होती, शंभर टक्के. पण त्यानं लेखी काहीच कळवलं नव्हतं, म्हणून कागदावर करार मोडणारा तो ठरला. थकलेला पगार बुडाला तो बुडालाच. वर करार मे महिन्यापर्यंत असल्यामुळे जुन्या क्लबनं लेटर ऑफ क्लिअरन्सही अडवलं. ते पत्र नसेल तर दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. ते नाकारायला चालू करार हे एकच कारण चालतं, आणि नेमकं तेच त्यानं क्लबच्या हातात दिलं.

मग करायचं काय? करारात उशिराच्या पगाराचं कलम असतं, त्यातले दिवस मोजा. ईमेलनं नोटीस पाठवा. कलम परवानगी देत नाही तोवर सरावाला जात राहा, तोंड वाकडं करून का होईना. मुदत संपली की करार संपवल्याचं लेखी कळवा, त्यानंतर तिकीट काढा. पुन्हा सांगतो, आधी नोटीस, मग तिकीट. मॅनेजर कितीही गोड बोलला, "अगले हफ्ते पक्का" छाप आश्वासनं दिली, तरी नोटीस पाठवायचीच.

क्लबनं कार दिली तर खूश होऊ नका. आपलं लायसन्स जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. ऑगस्टमध्ये आलात तर फेब्रुवारीत तुम्ही विनालायसन्स गाडी चालवता, आणि हंगाम तेव्हा ऐन रंगात असतो. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करा. जेवणाचं फारसं टेन्शन नको, तुर्की दुकानात मसूर, हरभरा, कोथिंबीर सगळं मिळतं. सावजीचा मसाला मात्र घरूनच आणा.

सीताबर्डीतून घेतलेले प्रोटीनचे डबे आणू नका. डोपिंग चाचणीत काही सापडलं तर डब्यावर काय लिहिलं होतं हे कोणी विचारत नाही, जबाबदारी तुमचीच.

इथल्या मराठी मंडळींबद्दल माझं मत फार गोड नाही. गणपतीत जा, मोदक खा, लोक मनानं चांगले आहेत. पण सगळे आयटीतले, त्यामुळे दर वेळी एकच प्रश्न येईल, "खेळतोस ते ठीक, पण काम काय करतोस?" राहायला जागा मात्र तेच शोधून देतील. जर्मन लोक तोंडावर सांगतात की तुझा डिफेन्स वाईट आहे, आणि सामना संपल्यावर तुलाच घरी सोडतात. मला हे जास्त झेपतं.

रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यात लागला असाल तर राजीनामा देऊ नका. बिनपगारी रजा मागा, एनओसी मागा, नाही मिळाली तर घरी बसून शांतपणे विचार करा. आठ-नऊ महिन्यांच्या करारासाठी ती नोकरी सोडणाऱ्याला मी कधीच हो म्हटलेलं नाही.

राहिला व्हिडिओ. गाणं लावलेले डंकचे तुकडे कोच अर्धा मिनिटही पाहत नाही. जर्सीचा नंबर आणि रंग पहिल्याच ओळीत लिहा, आणि सोबत दोन पूर्ण सामने पाठवा. त्यातला एक हरलेला असू द्या. पंधरा गुणांनी मागे असताना तुम्ही डिफेन्सला धावत येता की चालत, एवढंच त्यांना बघायचं असतं.