क्रँकशाफ्ट बसवताना बेअरिंगमधील फट मोजून घ्यावी

इंजिन पुन्हा जोडताना नवीन बेअरिंग आहेत म्हणजे त्यांच्यात आणि क्रँकशाफ्टमध्ये (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) राहणारी फट बरोबरच असणार, असे गृहीत धरू नये. बेअरिंगची पाठ आणि तिची बैठक कापडाने कोरडी पुसून घ्यावी, कारण तिथे अडकलेला केसाएवढा कचराही बेअरिंगचा आकार बिघडवतो. त्यानंतर, तेल न लावलेल्या जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) प्लास्टिगेजचा, म्हणजे दाबल्यावर चपटा होणाऱ्या मऊ प्लास्टिकचा, बारीक धागा शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ठेवून, कॅप (बेअरिंगवर बोल्टने आवळायचे झाकण) तिच्या मूळ जागी आणि मूळ दिशेनेच बसवावी व टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) मॅन्युअलमधील आकड्याइतकी आवळावी. या वेळी क्रँक जराही फिरवू नये, नाहीतर धागा फासला जाऊन माप चुकते. कॅप काढल्यावर चपटा झालेला धागा पाकिटावरील पट्टीशी ताडून पाहावा. बऱ्याच मोटारींत ही फट साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर असते, तरी अंतिम शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच. धागा पूर्ण पुसून, बेअरिंगच्या आतल्या पृष्ठभागाला भरपूर असेंब्ली ल्युब (जोडणीच्या वेळी लावायचे वंगण) लावूनच शेवटची जोडणी करावी. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो जड झाला, तर दोष नुकत्याच आवळलेल्या कॅपपाशीच शोधावा. पिस्टन घालताना कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत, म्हणजे जर्नलवर ओरखडा पडत नाही.