चाळिशी उतरवा, मग रेंजफाइंडर उचला

रेंजफाइंडर म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) मधल्या चौकोनात दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. बरीच वर्षं कपाटात पडलेला तो पुन्हा हातात घेतला की पहिली तक्रार ठरलेली असते: मधला चौकोन नीट दिसत नाही. बरेचदा त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो, चष्म्याचा असतो. म्हणून रोल आणण्याआधी डोळ्यांचं बघावं.

व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य डोळ्यापासून दोन इंचांवर आहे असं वाटतं आणि माणूस वाचायचा चष्मा चढवतो. तिथेच गडबड होते. लायका एमचा व्ह्यूफाइंडर −०.५ नंबरचा असतो, म्हणजे त्यातलं चित्र डोळ्याला दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं. इतर रेंजफाइंडरांचंही थोड्याफार फरकाने तेच. त्यामुळे लागतो तो लांबचा नंबर, चाळिशी नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हनुवटी थोडी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून बघा.

तरीही चौकोन किंचित पुसट वाटला, तर कॅमेरा घेऊन चष्म्याच्या दुकानात जा. लांबचा चष्मा डोळ्यांवर ठेवायचा आणि तपासणीच्या पेटीतली +०.५, मग +०.७५, मग +१ ची काच आयपीसपुढे (व्ह्यूफाइंडरच्या डोळ्याकडच्या काचेपुढे) धरून बघायची. ज्या काचेने चौकोनाची कड लख्ख दिसेल तो आपला नंबर. झोर्की ४ आणि फेड २ मध्ये यासाठी रिवाइंडच्या नॉबखाली दांडीच दिलेली आहे. याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅननच्या कॅनोनेटमध्ये तशी सोय नाही. लांबचा नंबर अधिक हा जादा नंबर असा साधा, एकाच नंबरचा चष्मा फोटोसाठी वेगळा करून घेणं सगळ्यात सोपं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा खर्च नंबर स्थिर झाल्यावरच करा. आयपीसची कडा धातूची असेल तर प्लॅस्टिकच्या काचेवर हमखास चरे पडतात, तिच्याभोवती पातळ रबराची रिंग चिकटवून टाका.

एवढं करूनही चौकोन फिका दिसत असेल तर आतला अर्धपारदर्शक आरसा मळलेला किंवा विटलेला असतो. मळ निघतो. विटलेल्याला तात्पुरता उपाय म्हणजे व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या मोठ्या काचेवर मध्यभागी काळ्या टेपचा बारीकसा ठिपका. ठिपक्यामुळे तेवढ्या जागेतलं थेट दृश्य दबतं आणि बाजूच्या खिडकीतून येणारी दुसरी प्रतिमा उठून दिसते. दिसायला गावठी, पण काम चोख.

आता सेल. इलेक्ट्रो ३५ जीएसएन (१९७३) आणि कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री (१९७२) हे दोन्ही पाऱ्याच्या सेलवर चालायचे आणि ते सेल आता मिळत नाहीत. कॅनोनेटला १.३५ व्होल्ट हवेत. त्यात १.५ चा अल्कलाइन सेल घातला तर प्रकाश मोजणारं मीटर चुकतं, आणि सेल उतरत जाईल तशी चूक बदलत जाते, म्हणून अंदाजही बांधता येत नाही. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढेच देत राहतो. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग सेलभोवती रबरी ओ-रिंग घालून तो मधोमध बसवायचा. त्याची बारीक भोकं बुजवायची नाहीत. स्टिकर काढल्यापासून काही महिन्यांत तो संपतोच, वापरा किंवा न वापरा. सेल नसला तरी कॅनोनेट हाताने सगळ्या वेगांवर चालतो, फक्त मीटर बंद राहतं.

इलेक्ट्रोचं उलट आहे. सेल नसेल तर शटर एकाच वेगाने, सेकंदाच्या १/५०० ने, उडतं. मूळ सेल ५.६ व्होल्टचा, त्याजागी ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो, पण तो आखूड आणि बारीक असल्याने अ‍ॅडॅप्टर लागतो, नाहीतर कागदाची नळी आणि स्प्रिंग. या कॅमेऱ्याचा खरा रोग मात्र वेगळा: आतला एक छोटा रबरी तुकडा कुजतो. रीळ पुढे सरकवताना दांडीच्या शेवटी ‘ठक्’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर एक्स्पोजर बेभरवशाचं होतं आणि रबर बदलण्यासाठी वरचं झाकण उघडावं लागतं. विकत घेत असाल तर दुकानात उभ्या उभ्या हा आवाज आधी ऐका.

मागचं दार उघडा. खाचांतला, प्रकाश अडवणारा काळा स्पंज डांबरासारखा चिकट झालेला असणारच. टूथपिकला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि सगळा खरवडून काढा. शटरच्या पात्यांवर एक कणही पडता कामा नये. नंतर खाचेत काळी लोकर दाबून बसवा आणि बिजागरीच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्पंज लावा. शटर ‘बी’वर (बटण दाबून धरलं की उघडं राहतं, त्या खुणेवर) उघडं ठेवून लेन्समध्ये आरपार टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कॅनोनेटचं शटर १/४ वर अडखळलं तर पात्यांवर तेल आलंय. वरून आणखी तेल सोडू नका, ते पसरत जातं.

रेंजफाइंडर बरोबर जुळतो का, हे दोन ठिकाणी तपासायचं. अनंतावर (∞ खुणेवर) लेन्स ठेवून किलोमीटरभर लांबचा टॉवर बघा. दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. जवळचं रोलवरच कळतं. टेबलावर पाच डबे पाच-पाच सेंटिमीटर मागेपुढे, तिरक्या रांगेत मांडा, मीटरभर अंतरावरून मधल्या डब्याच्या लेबलावरच्या उभ्या रेषेवर फोकस करा आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून, एफ/१.७ वर, फोटो घ्या. एवढ्या उघड्या छिद्राला या अंतरावर जेमतेम सहा सेंटिमीटर खोली धारदार येते, त्यामुळे चूक लपत नाही. हे घरात खिडकीजवळ करा. उन्हात १/५०० ला एवढं छिद्र उघडता येत नाही, आणि त्यापुढे या कॅमेऱ्यांचं शटर जात नाही. निगेटिव्हवर पुढचा डबा धारदार आला तर फोकस पुढे पडतोय.

फोकस करताना दरवाजाची चौकट, चष्म्याची दांडी, सदऱ्याची कड अशी उभी रेषा शोधा. आडव्या रेषेवर प्रतिमा जुळतच नाहीत, तिथे कॅमेरा उभा धरा. फोकसची रिंग नेहमी अनंताकडून जवळ आणा, पुढेमागे करत बसलात की डोळा थकतो. रस्त्यावर तर फोकस करूच नका. कॅनोनेटच्या ४० मिलिमीटर लेन्सला एफ/८ वर ३ मीटर ठेवलं की साधारण २ ते साडेपाच मीटरमधलं सगळं चालतं. ४०० आयएसओच्या रोलला भर उन्हात १/५०० आणि एफ/१६, ढगाळ हवेत एफ/८. हात थरथरत असेल तर १/१२५ च्या खाली जाऊ नये. १/१५ वर फोटो काढल्याच्या फुशारक्या तरुणांना मारू द्या.

रोल भरल्यावर रीळ पुढे नेताना रिवाइंडचा नॉब फिरतोय ना, हे दर वेळी बघा. तो फिरत नसेल तर रोलचं टोक रिळात अडकलेलंच नाही, आणि ३६ फोटो हवेत जाणार. लेन्सचं झाकण हा दुसरा चोर: व्ह्यूफाइंडर वेगळा असल्याने झाकण लावलेलं कळत नाही. कॅनोनेटची प्रकाश मोजायची काच लेन्सच्या रिंगमध्येच आहे, त्यामुळे ऑटोवर तो अडून बसतो. इलेक्ट्रोची अंगावर आहे, तो बिनदिक्कत उडतो. त्याच कारणाने इलेक्ट्रोला पिवळा फिल्टर लावला तर एएसए (आयएसओचंच जुनं नाव) निम्मा करावा लागतो, कॅनोनेटला नाही.

चामडी केसमध्ये कॅमेरा ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात बुरशी तिथूनच लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. जेल ओलं झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. रोल संपला आणि पुढचा लगेच भरायचा नसेल तर सेल काढून ठेवा.