गणपतीत ऑटिझम असलेल्या लेकराला सांभाळताना

बेळगावचा गणपती म्हणजे ढोल-ताशा, डॉल्बी आणि गल्लोगल्ली मंडप. आमच्या शहापुरात तर दारातच मंडप पडतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना असा आवाज नुसता मोठा वाटत नाही, तो दुखतो. म्हणून तयारी श्रावणातच सुरू करा.

मोबाईलमधले गेल्या वर्षीचे फोटो शोधा: रिकामा कोपरा, मखर, मूर्ती, आरती, पाहुणे, विसर्जन. प्रिंट काढून फ्रिजवर ओळीने चिकटवा आणि रोज एकेकावर बोट ठेवून सांगा. सणात आरती संपली की आरतीचा फोटो त्यालाच काढून डब्यात टाकू द्या. आता संपलं, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. आपण शंभरदा "झालं हं आता" म्हणून काही उपयोग होत नाही.

कान झाकणारे इअरमफ आधी घरात, शांततेत, आवडीचा खेळ चालू असताना घालून बघा. ऐन गोंगाटात पहिल्यांदा चढवले तर भिरकावूनच देईल. दिवसभर मात्र घालू नका, मग साधा आवाजही सोसत नाही.

आरतीला झांज त्याच्याच हातात द्या. स्वतः केलेला आवाज पुष्कळ मुलांना चालतो. नकोच म्हणाला तर आतल्या खोलीत बसू दे. पाया पडायला लावणाऱ्या आत्याबाईंना आधीच फोन करून सांगा. रुसल्या तर रुसू देत.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. घरचा गणपती दुपारीच, कपिलेश्वर तलावावर गर्दी व्हायच्या आत पोहोचवा. रात्री मुक्कामाला खानापूरकडचं आजोळ असेल तर उत्तमच.