गेममधील तांडेलाला बोलते करताना

घरी तयार केलेल्या गेममध्ये साधी चित्रे खपून जातात. पात्राचा आवाज खोटा वाटला, तर मात्र खेळणाऱ्याचा त्या जगावरचा विश्वास लगेच उडतो. म्हणून संवादांचे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. उदाहरणासाठी मालवणच्या जेटीवर घडणारा एक छोटा गेम घेऊ. त्यात एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आहे, मासे विकणारी एक बाई आहे आणि होडीवर काम मागायला आलेला खेळाडू आहे. साधने दोन पुरेत: गोडो हे गेम इंजिन आणि ध्वनिसंपादनासाठी ऑडॅसिटी. दोन्ही विनामूल्य आहेत.

संवाद लिहिण्याची उत्तम पद्धत सिंधुदुर्गातल्या दशावतार या लोकनाट्याकडून घेता येते. त्या नाटकांना लिखित संहिता नसते. कथानक आधी ठरते आणि नट संवाद रंगमंचावर उभे राहूनच रचतात. आपणही आवाज देणाऱ्या माणसाच्या हाती तयार वाक्य देण्याऐवजी प्रसंग द्यावा. ‘१ जून उजाडला आहे, ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी आहे, आणि हा नवखा पोरगा आजच होडीवर घ्या म्हणतो आहे, त्याला काय सांगाल?’ असे विचारून तीन-चार उत्तरे फोनवर टिपून घ्यावीत. कागदावर आपण ‘आज समुद्रात जाऊ नकोस, वाऱ्याची दिशा बदलली आहे’ असे लिहिलेले असते. तेच मालवणी माणसाच्या तोंडून ‘दर्यात जाव नको रे झिला, वारो फिरलो हा’ असे येते आणि त्यात तांडेलाचे वय, अधिकार आणि माया एकदमच ऐकू येतात. मात्र नाटकातला संवाद प्रेक्षक एकदाच ऐकतो, तर गेममधला तोच संवाद खेळाडू अनेकदा ऐकतो. त्यामुळे निवडलेले उत्तर लिहून पक्के करावे आणि उपशीर्षक त्याच्याशी शब्दशः जुळवावे. माझ्या मते उपशीर्षकही मालवणीतच असावे आणि प्रमाण मराठीचा पर्याय सेटिंगमध्ये द्यावा. रत्नागिरीकडची बोली वेगळी आहे. कोकणातले सगळे एकसारखेच बोलतात असे समजून पात्रांच्या तोंडी सरमिसळ भाषा घालू नये.

मराठीत एक अडचण हमखास येते, ती क्रियापदाच्या लिंगाची. खेळाडू मुलगा असेल तर ‘परत आलास?’ आणि मुलगी असेल तर ‘परत आलीस?’, म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा ध्वनिमुद्रित करावे लागते. ‘परत आलात?’ हे आदरार्थी रूप दोघांनाही चालते, पण जेटीवरचा म्हातारा तांडेल कोवळ्या पोराला अहो-जाहो करणार नाही. तेव्हा शक्य तिथे ‘एवढ्या उशिरा कुठे?’ अशी क्रियापद नसलेली वाक्ये योजावीत आणि जिथे नाते महत्त्वाचे आहे तिथे दोन्ही रूपे मुद्रित करण्याचे कष्ट घ्यावेत. खेळाडूचे नाव आवाजात कधीही घेऊ नये. ‘पाच’ आणि ‘बांगडे’ असे सुटे शब्द मुद्रित करून मागाहून जोडू नयेत. सांधा कानाला खटकतो. वारंवार येणाऱ्या अभिवादनाची चार-पाच निरनिराळी रूपे मात्र अवश्य घ्यावीत.

ध्वनिमुद्रणात किनाऱ्यावर खरा त्रास समुद्राचा आणि पावसाचा होतो. ऑडॅसिटीतील गोंगाट कमी करण्याची सोय पंख्याच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजावर चांगली चालते, कारण ती बोलणे नसलेल्या, केवळ गोंगाट असलेल्या भागाचा नमुना घेऊन तो सगळीकडून वजा करते. लाटांचा आवाज सतत बदलत असल्याने तो असा निघत नाही आणि बळेच काढू गेल्यास बोलणेही खरवडले जाते. म्हणून पावसाळा टाळावा, खिडक्या बंद असलेली आतली खोली निवडावी आणि चिऱ्याच्या उघड्या भिंतींवरून आवाज परत येऊ नये यासाठी बोलणाऱ्याच्या मागे व बाजूंना गोधड्या टांगाव्यात. समुद्राचा आवाज स्वतंत्रपणे टिपून गेममध्ये नंतर मिसळावा. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, कारण ‘फ’, ‘भ’, ‘ख’ यांसारख्या महाप्राण वर्णांबरोबर सुटणारी हवा समोरच्या मायक्रोफोनवर आपटते. दशावतारी नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यास सरावलेला असतो. त्याला पडवीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखे बोलण्याची विनंती करावी. आवाजाची शिखरे उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवावी आणि सुरुवातीला अर्धा मिनिट सर्वांनी गप्प राहून खोलीची शांतता टिपून घ्यावी.

मुद्रण एक-स्रोती म्हणजे मोनो, ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट पुरेसे आहे. अशा वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. प्रत्येकी ४ सेकंदांची २०० वाक्ये असतील तर जवळपास ७० मेगाबाइट होतात. तीच ओजीजी या आकुंचित ध्वनिफाइलीत, ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) दराने, १० मेगाबाइटांच्या आत मावतात. मूळ वेव्ह फाइली जपून ठेवाव्यात. पात्र, प्रसंग, अट, वाक्य आणि फाइलचे नाव असा तक्ता आधीच केलेला असावा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी शोधाशोध होत नाही.

गोडोमध्ये संवाद, संगीत आणि परिसराचा आवाज यांसाठी तीन वेगळे ऑडिओ बस, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र मार्ग, करावेत. संगीताच्या बसवर कंप्रेसर (आवाज दाबणारा इफेक्ट) लावून त्याचा साइडचेन, म्हणजे कोणता आवाज ऐकून दाबायचे ते ठरवणारी जोडणी, संवादाच्या बसला जोडला, की पात्र बोलू लागताच संगीत आपोआप दबते. अभिवादनांसाठी गोडोतील ऑडिओस्ट्रीमरँडमायझर ही यादृच्छिक आवाज निवडणारी सोय वापरून लागोपाठ तेच वाक्य येणार नाही अशी निवड करता येते.

आवाज देणाऱ्यांची लेखी संमती मुद्रणापूर्वीच घ्यावी, त्यात तो आवाज कोणत्या गेमसाठी वापरणार हे स्पष्ट लिहावे, आणि गेम विकणार असाल तर मोबदलाही त्याच कागदावर ठरवावा. शेवटी सगळे संवाद फोनच्या साध्या स्पीकरवर, उपशीर्षके बंद ठेवून, मालवणी न बोलणाऱ्या एखाद्या मित्राला ऐकवावेत. त्याला ज्या वाक्याचा रोख कळला नाही, तेच पुन्हा मुद्रित करावे.