‘लाइफ’ विकत घेताना आधी पानं मोजा

पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅडम्सटाउनला रविवारी जुना बाजार भरतो. न्यू जर्सीतून भल्या पहाटे निघून मी तिथे जातो, ते टेबलांखाली सरकवलेली, ‘लाइफ’ या अमेरिकी सचित्र साप्ताहिकाच्या जुन्या अंकांची खोकी बघायला. टेबलावर मांडलेला अंक महाग असतो, खोक्यातला स्वस्त. बऱ्याचदा अंक तोच असतो.

नवख्याने एक समज घरी ठेवून यावा: जुनं म्हणजे दुर्मीळ. ‘लाइफ’ साप्ताहिक म्हणून २३ नोव्हेंबर १९३६ ला निघालं आणि डिसेंबर १९७२ पर्यंत चाललं. खप लाखांत. लोकांनी वाचून झालेले अंक रद्दीत घातले नाहीत, माळ्यावर रचले. आजोबा गेले की नातवंडं तो गठ्ठा इस्टेट सेलला काढतात. त्यामुळे १९५०-६० च्या साध्या अंकाला मी पाच डॉलरच्या वर जात नाही. केनेडींच्या हत्येनंतरचा २९ नोव्हेंबर १९६३ चा अंक विकणारा हळूच पुढे करतो, ‘रेअर आहे’ म्हणत. नेहमीच्या लालऐवजी त्यावर नावाचा चौकोन काळा आहे, बघून गलबलतं, सगळं खरं. पण ज्याच्या हाती तो पडला त्याने तो जपलाच, म्हणून तर दर दुसऱ्या खोक्यात सापडतो.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला मी ऑनलाइन लिलावात सत्तावीस अंकांचा गठ्ठा घेतला. मुखपृष्ठं अशी चकचकीत की फोटो बघूनच पैसे भरले. घरी येऊन पहिला अंक उघडला, तर पानाच्या मधोमध खिडकी! मोटारगाडीची जाहिरात ब्लेडने सफाईने कापून घेतलेली, आणि तिच्या पाठीमागच्या लेखाचा निम्मा मजकूर तिच्याबरोबर गेलेला. सत्तावीसपैकी अकरा अंक असे निघाले. जाहिराती सुट्या करून फ्रेमसाठी विकण्याचा वेगळा धंदा आहे, हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. अंक टेबलावर आडवा ठेवायचा, हातात लोंबकळवायचा नाही. आधी मधलं जोडपान उघडायचं. तिथे पिना दिसतात: गंजल्या असतील तर भोवती तांबूस डाग असतो आणि पान पिनेपाशी सुटलेलं असतं. मग मलपृष्ठ, कारण तिथे जाहिरात असते आणि फाडायलाही ते सोपं. मग एकेक पान. पूर्ण पानाच्या जाहिरातीवर आकडा नसतो कित्येकदा, म्हणून नुसते आकडे बघून भागत नाही, पानं मोजावी लागतात. ‘लाइफ’चे जुने अंक गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात. शंका आली तर फोनवर तो अंक उघडून ताडून बघा. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

‘लुक’ या पाक्षिकाच्या १४ जानेवारी १९६४ च्या अंकात तर मधलं जोडपान हाच जीव आहे. पांढऱ्या फ्रॉकमधली काळी मुलगी सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेला निघाली आहे, ते चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं चित्र तिथेच छापलं होतं. नेमकं तेच पान भिंतीवर गेलेलं असतं.

मुखपृष्ठावरच्या नट्यांच्या मागे लागू नका, गर्दी तिथेच आहे. आत बघा. ‘लाइफ’च्या १९ जून १९४४ च्या अंकावर जनरल आयझेनहॉवर आहे, आत दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरतानाची रॉबर्ट कापाची छायाचित्रं. २० सप्टेंबर १९४८ च्या अंकात युजीन स्मिथने खेड्यातल्या एका डॉक्टरची दिनचर्या टिपली आहे. पहिल्या अंकावरचं धरण टिपणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइटनेच १९४६ मध्ये चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा फोटो काढला. गांधीहत्येनंतरचे फेब्रुवारी १९४८ चे अंक मी कुठेही दिसले तरी उघडून बघतोच. (तो पहिला अंक दिसला तर मात्र हुरळू नका, त्याच्या पुनर्मुद्रित प्रती फिरत असतात.)

मुखपृष्ठावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी असेल तर किंमत उतरते. ती सोलायला जाऊ नका, खालचा रंग निघून येतो. मला तर चिठ्ठीवालाच अंक आवडतो. कुणाच्या तरी दारात तो खरोखर पडला होता, याची ती खूण.

पाण्यात भिजलेला अंक फुकट मिळाला तरी नको. गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि अंकाची वीट होते. वास घ्यायला लाजू नका. कुबट असेल तर परत ठेवा.

पोस्टाने मागवताना भाव करण्याआधी टपालखर्च विचारा. पुस्तकांसाठीचा टपालखात्याचा स्वस्त दर, मीडिया मेल, मासिकांना चालत नाही, कारण त्यांत जाहिराती असतात. दोन डॉलरच्या अंकाला टपाल त्याहून जास्त पडतं.

घरी आणल्यावर प्रत्येक अंकाला आम्लमुक्त पुठ्ठा आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पिशवी. पिशवी ‘लाइफ’च्या मापाचीच मागा. अंक साधारण साडेदहा बाय चौदा इंचांचा असतो, नेहमीच्या मासिकाच्या पिशवीत कोपरे दुमडतात. फाटलं तरी चिकटपट्टी लावू नका. अंक आडवे ठेवा, फार उंच थप्पी नको, आणि बेसमेंटमध्ये तर मुळीच नको, इथल्या उन्हाळ्यात तिथे ओल येते. आमच्या घरात सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे वरच्या मजल्यावरचं चादरींचं कपाट. चादरी सध्या बेसमेंटमध्ये आहेत. त्यावर घरात बोलणी चालू आहेत.